गोडा दगड

बसा. ती खुर्ची नको, तिचा एक पाय अधू आहे. इकडे दिव्याजवळ बसा. समोर टॉवर उभा राहिल्यापासून बोरिवलीच्या या घरात भर दुपारी दिवा लावावा लागतो. आणि कप जपून धरा, अंगठ्याला पट्टी दिसतेय तुमच्या.

तर गार्गी, तुम्ही जुन्या इमारतींच्या डागडुजीची कामं घेता, आणि मनोरीच्या गावदेवीच्या देवळाला जो उंबरठा आहे तसला दगड तुम्हाला हवा आहे. तो निवडणारा माणूस अजून जिवंत आहे आणि बोरिवलीत राहतो, हे तुम्ही शोधून काढलंत. हुशार आहात. मीच तो श्यामकांत. सांगतो सगळं, पण मध्ये उठायचं नाही.

मी पाथरवट नाही. आयुष्यात छिन्नी हातात धरली नाही, एकदा सोडून. त्या एकदाचीच ही हकीकत आहे. माझं काम फक्त निवडायचं. मुलगी बघायला जाताना लोक जाणत्या आत्याला सोबत नेतात ना, तसे कंत्राटदार मला वखारीत न्यायचे. पस्तीस वर्षं नेत होते. पोरबंदरी दगड, म्हणजे सायीच्या रंगाची चुनखडी. मुंबईतल्या कितीतरी जुन्या इमारतींची नक्षी याच दगडात आहे. त्यातलं मला जेवढं कळतं तेवढं कुणाला कळत नाही, असं मी म्हणायचो. मोठ्यानं म्हणायचो. तेच नडलं.

रीत सांगतो. आधी हातोडीनं ठोकायचं. दगड खणखणीत बोलला तर आत तडा नाही; बद्द बोलला तर पुढच्या दगडाकडे वळायचं. मग पाणी शिंपडायचं. सगळा दगड सुकला आणि एखादी रेघ ओली राहिली, तर तिथे शीर आहे, म्हणजे आत लपलेली भेग. आणि शेवटी जीभ. हसू नका. सुक्या चुनखडीला जीभ लावली की हलकेच चिकटते आणि सुटते. किती चिकटते त्यावरून दगडाची भूक कळते, म्हणजे तो पाणी किती पिणार ते. आणि चवीवरून मीठ कळतं. मीठ मुरलेला दगड आतून भुगा होत जातो. आमच्यात त्याला खारा म्हणतात, आणि बिनमिठाचा तो गोडा. खारा दगड घ्यायचा नाही, कितीही देखणा असला तरी. माझा हा एकच नियम होता.

सहा वर्षं झाली. माघाचे दिवस होते. मनोरीच्या देवळाचा जुना उंबरठा समुद्राच्या वाऱ्यानं खाऊन टाकला होता, बोट लावलं तरी पीठ पडायचं. गावकऱ्यांनी देवी बाहेर मांडवात आणून बसवली होती आणि चैत्रातल्या जत्रेला ती आत जायला हवी होती. गावातले म्हातारे रामचंद्र, दोन होड्यांचे मालक, ते सगळं बघत होते. दगडाची जबाबदारी माझी, आणि कोरायचं काम यज्ञेशचं.

यज्ञेश माझा जावई. माझ्या एकुलत्या एका मुलीचा, अस्मिताचा नवरा. कलाशाळेत शिकलेला, पण हात अस्सल पाथरवटाचा. स्वभावानं इतका मऊ की घरात झुरळ निघालं तर कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडायचा. मी त्याची थट्टा करायचो, "जावईबापू, आता त्याला डबाही बांधून द्या." तो नुसता हसायचा. मी दगड दिला की तो कधीही उलटा प्रश्न करायचा नाही. बाबांनी बघितलाय म्हणजे बघितलाय.

दहिसरला, नाक्याच्या अलीकडे, सीताराम नावाच्या माणसाची वखार होती. पाडलेल्या इमारतींचे दगड तिथे यायचे. आमच्याबरोबर देवळाचा आर्किटेक्ट निहार आला होता. तरुण मुलगा, हुशार, आणि त्याचं सारखं एकच पालुपद, "काका, प्रयोगशाळेत एक तुकडा पाठवू या ना." दोन तास उन्हात फिरून माझं डोकं आधीच तापलं होतं. आणि मागच्या भिंतीला टेकून ठेवलेली ती लादी मला दिसली. चार फूट लांब, दीड फूट रुंद, वीतभर जाड. अंगावर एक ओरखडा नाही. मी हातोडी मारली. गार्गी, असा नाद मी पस्तीस वर्षांत ऐकला नव्हता. हातोडी खाली आली, आम्ही बोलायला लागलो, तरी तो चालूच होता. पाणी शिंपडलं तर सबंध दगड एका दमात सुकला. मला राहवलं नाही.

"निहारसाहेब," मी म्हणालो, सीतारामच्या सगळ्या हमालांना ऐकू जाईल अशा आवाजात, "हा दगड आंधळ्यानंही घ्यावा. याची चाचणी करायची तर आधी माझी करा."

निहार हसला. "काका, जीभ लावायची राहिली ना?"

मी वाकलो आणि जीभ लावली. ती चिकटली... आणि सुटेना. आधी मला वाटलं, उन्हानं तोंड कोरडं पडलंय. मी डोकं मागे घेतलं, जीभ ताणली गेली, मुळापर्यंत कळ गेली. दगड ओढत होता. याला दुसरा शब्द नाही. माझे दोन्ही हात दगडावर, तोंड दगडाला, आणि मागे निहार विचारतोय, काय काका, कसा आहे? मी हिसडा मारला. टोकाचा तांदळाएवढा तुकडा तिथेच राहिला. त्यावर रक्ताचा ठिपका पडला. मी बघत असताना तो ठिपका आत गेला, आणि तो तुकडाही. दगड कोरा.

आणि चव? खारट. समुद्राचं मीठ नव्हे. रक्ताचं मीठ वेगळं असतं, दात पडलेल्या कुणालाही ते ठाऊक आहे. तुम्ही म्हणाल, तुमचंच रक्त होतं ते. नाही. माझं रक्त यायच्या आधी ती चव आली होती.

मी तोंडावर रुमाल धरून वळलो. निहार बघत होता, हमाल बघत होते. नियम एकच होता. आणि मी म्हणालो, "गोडा आहे."

बस, एवढंच. बढाई मारली होती, ती गिळायची लाज वाटली. माणूस खोटं कशापायी बोलेल याचा नेम नाही.

दगड टेम्पोनं भाईंदर-उत्तनवरून मनोरीला गेला. देवळाच्या बाजूलाच निळ्या ताडपत्रीची शेड ठोकली होती. यज्ञेश आठवडाभर तिथेच राहायचा, रामचंद्रांच्या घरी जेवायचा. उंबरठ्यावर मधोमध कीर्तिमुख कोरायचं होतं. त्या राक्षसाची गोष्ट तुम्हाला ठाऊकच असेल. भूक लागली आणि खायला कुणी नव्हतं, म्हणून शंकरानं सांगितलं, स्वतःलाच खा. त्यानं पायापासून सुरुवात केली आणि शेवटी तोंड तेवढं उरलं. यज्ञेशला ती गोष्ट फार आवडायची.

दहाव्या दिवशी मी मार्व्याहून फेरी धरून बघायला गेलो. शेडमध्ये मोडक्या छिन्न्या पडल्या होत्या, चार-पाच तरी. दगडावर कुठे एक ओरखडा नव्हता. फक्त दोन डोळे होते. पूर्ण कोरलेले, पापण्यांच्या रेघांसकट. मी त्यांच्याकडे बघून आधी खूश झालो, हे कबूल करतो.

"बाबा, तुम्ही गोडा म्हणालात म्हणून मी धीर धरला," यज्ञेश म्हणाला. "पण हा लोखंड आहे हो. छिन्नी उडते. पहिल्याच दिवशी उडाली आणि अंगठ्यात घुसली. रक्त पडलं, तर पुसायच्या आत ते आत गेलं. आणि मग तेवढी जागा... हे बघा."

त्यानं छिन्नीचं टोक डोळ्याच्या कडेला ठेवलं आणि हातोडा न घेता नुसतं दाबलं. दगड लोण्यासारखा निघाला.

"म्हणजे तो डावा डोळा," मी म्हणालो. "आणि उजवा?"

त्यानं छिन्नी खाली ठेवली. मग मी त्याचा दुसरा हात बघितला. त्या अंगठ्यालाही फडकं होतं.

"दुखत नाही, बाबा," तो घाईघाईनं म्हणाला. "खरंच. अजिबात दुखत नाही."

त्या क्षणी मी म्हणू शकलो असतो की बाबा रे, दगड खारा आहे, मी खोटं बोललो, टाकून दे आणि घरी चल. वाक्य ओठावर आलं होतं. पण बाहेर रामचंद्र उभे होते, आणि निहारचा फोन येऊन गेला होता, काम कसं चाललंय म्हणून. मी म्हणालो, "जुन्या दगडात लागतो असा मऊ पट्टा. चाललंय ते चालू दे. जत्रा जवळ आली."

हे दुसरं खोटं. पहिल्यानं फक्त दगड आला होता. या दुसऱ्यानं माझा जावई गेला.

जत्रेला चार दिवस उरले असताना दुपारी साडेबाराला मला फोन आला. रामचंद्रांची बायको, कमळबाई. मासळी विकणारी बाई, आवाज कसा खणखणीत. पण त्या दिवशी कुजबुजत बोलत होती.

"भाऊ, तुमचे जावयाला बगा. तीन दिस जेवला नाय. दोन कोंबऱ्या मागून नेल्या, मी म्हनलं देवीला असतील. तर म्हनतो, कोंबरीचं रगात चालत नाय. आमचे होरीवरचा कोयता बी नेलाय."

"हाताला लागलंय का काही?"

"फडका बांदलाय डावे हाताला..." ती थांबली. "भाऊ, त्या फडक्यात बोटं कमी दिसतात."

मी चपला घालता घालता विचारलं, शेडमध्ये आणखी कोण आहे.

"कोन नाय. बायकोला बोलावलंय त्यानी. डबा घेऊन ये म्हनून."

मी अस्मिताला फोन लावला. सात वेळा लावला. रिक्षात लावला, धक्क्यावर लावला, फेरीत लावला. रिंग जात होती. मार्वे ते मनोरी म्हणजे दहा मिनिटांचं पाणी. त्या दहा मिनिटांत मी माझ्या आयुष्यातले सगळे नवस बोलून घेतले.

गाव दुपारचं निजलं होतं. होड्या बाहेर, पुरुष बाहेर. बांबूंवर बोंबील सुकत घातलेले, त्यांचा वास उन्हात नुसता उभा होता. एकही कावळा ओरडत नव्हता. मांडवात देवी एकटी बसलेली. मी पळत होतो आणि शेडमधून आवाज येत होता, ठक ठक... ठाक. ठक ठक... ठाक. मग तो थांबला, आणि अस्मिता ओरडली.

ताडपत्री वर करून मी आत गेलो तेव्हा आधी मला तो चेहरा दिसला. कीर्तिमुख पूर्ण झालं होतं. आयाळ, कपाळावरच्या आठ्या, फुगलेले गाल, सुळे. गार्गी, तुम्ही तो बघितला आहे, मी काय वर्णन करू. तोंड उघडं होतं आणि त्या तोंडाच्या आत एक ओबडधोबड गाठ तेवढी राहिली होती. जीभ. आजूबाजूला चुरा पांढराशुभ्र होता. एवढ्या सगळ्या कामात लाल ठिपका कुठेही नव्हता.

यज्ञेशनं अस्मिताचं मनगट दगडावर दाबून धरलं होतं. डाव्या हातानं, त्या हाताला तीनच बोटं होती. उजव्या हातात कोयता. जेवणाचा डबा उपडा पडला होता, भात चुऱ्यात मिसळला होता. अस्मिता त्याला लाथा मारत होती, नखांनी ओरबाडत होती, त्याच्या गालावरून रक्त निथळत होतं आणि तो अगदी शांतपणे, पूर्वी झुरळाशी बोलायचा त्या सुरात, तिला समजावत होता.

"एकच जागा राहिली, अस्मी. माझं पुरत नाही गं आता. एकच बोट. दुखत नाही... तुझी शपथ, दुखत नाही."

"यज्ञेश!" मी ओरडलो.

त्यानं माझ्याकडे बघितलं. ओळख होती त्याच्या डोळ्यांत, हेच तर वाईट. "बाबा, बरं झालं आलात. हिला सांगा ना. दगड गोडा आहे, तुम्हीच सांगा."

आणि त्यानं कोयता उचलला.

मी त्याच्या अंगावर गेलो. त्या वेळी मी एकसष्टचा होतो, तो चौतीसचा. पण त्याच्या अंगात काही उरलंच नव्हतं, रिकाम्या पोत्यासारखा आदळला. आम्ही दोघं दगडावर पडलो. त्यानं माझ्या खांद्याला चावा घेतला, मी त्याच्या कानशिलावर कोपर मारलं, एकदा, दोनदा, हाड वाजलं तरी मारलं. अस्मिताचं मनगट त्यानं सोडलं नव्हतं. कोयता माझ्या हातात कसा आला ते पोलिसांनी वीस वेळा विचारलं. आला. आणि मी तो चालवला. झटापटीत लागला असं मी कधीच म्हणालो नाही, मी मारला. काखेच्या खाली, दंडाच्या आतल्या बाजूला. त्याची बोटं उघडली आणि माझी मुलगी सुटली.

रक्त धारेनं आलं. अस्मितानं क्षणाचा उशीर केला नाही. नवऱ्यानं आत्ताच बोट तोडायला घेतलं होतं, तरी तिनं ओढणी काढली, त्याच्या दंडावर दाबली आणि माझे दोन्ही हात धरून त्यावर ठेवले.

"बाबा, दाबून धरा. सोडू नका. काही झालं तरी सोडू नका. मी कुणाला तरी आणते."

"जा," मी म्हणालो.

ती अनवाणी धक्क्याकडे पळाली. मी गुडघ्यावर बसून दाबून धरलं होतं. यज्ञेश माझ्याकडे बघत होता. आता त्याचे डोळे त्याचे होते. ओठ हलत होते. "बाबा..." तो म्हणाला, "खारा होता ना?"

त्याच वेळी माझी नजर वर गेली. एक धार दगडावर उडाली होती, बरोबर त्या उघड्या तोंडात. ती आत जात होती. आणि ती राहिलेली गाठ, ती बदलत होती. तिच्यावर ओलसर चमक आली. मला कळलं की ती आता मऊ झाली आहे. कुणी सांगावं लागत नाही. भाकरी झाली हे वासावरून कळतं, तसं कळलं. आणि हेही कळलं की हे फार वेळ टिकणार नाही.

पुढचं मी पोलिसांना सांगितलेलं नाही. अस्मितानंही नाही सांगितलं.

ती वीस मिनिटांनी रामचंद्रांना आणि आणखी दोघांना घेऊन आली. ती पहिली आत शिरली. मी दगडापाशी उभा होतो. माझ्या हातात यज्ञेशची छिन्नी होती. ओढणी खाली पडली होती. जीभ पूर्ण झाली होती, गोल, लांब, पुढे आलेली, मधली घळ सुद्धा. मी पाथरवट नाही, गार्गी. मला रेघ सरळ मारता येत नाही. आणि त्या वीस मिनिटांत माझ्या पायाशी तो काय काय म्हणाला, किती वेळ म्हणाला, यातलं मला काहीही आठवत नाही. कुणी मला शिक्षा केली नाही. पण एवढी एक गोष्ट आठवावी म्हणून मी रोज डोकं आपटतो, आणि आठवत नाही.

डॉक्टर म्हणाले, दाबून धरलं असतं तर वाचला असता.

अस्मितानं जबाब दिला की बाबांनी मला वाचवलं. खटला दोन वर्षं चालला, मी सुटलो. कोर्टाच्या पायऱ्यांवर ती त्या दिवसानंतर पहिल्यांदा आणि शेवटचं माझ्याशी बोलली. "तुम्ही कोयता मारलात त्याबद्दल मी तुम्हाला कधीच दोष देणार नाही. पण मी तुम्हाला म्हटलं होतं ना, सोडू नका?" मग ती गेली. नाशिकला असते म्हणतात. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं लोक किती सहज म्हणतात. घाव कुणी सोसले ते विचारायची पद्धत नाही.

दगड पोलिसांनी सोडल्यावर गावानं शुद्धी करून घेतली आणि तो बसवला. इतका देखणा, डाग नाही, भेग नाही. कोण टाकून देईल? रामचंद्र म्हणाले, देवीनंच मागून घेतला. कमळबाई तेवढी त्याला हात लावत नाही, साडी वर धरून ओलांडते. यज्ञेशची ती दोन बोटं तिनं शेडमधला सगळा चुरा चाळून शोधली. मिळाली नाहीत.

मी सीतारामकडे जाऊन आलो. तो म्हणाला, देवनारच्या बाजूला जनावरं कापायची एक जुनी शेड पाडली, तिथल्या फरशीतली लादी होती ती. मला जरा बरं वाटलं, चला, कारण तरी मिळालं. मग त्याच फरशीच्या बाकीच्या लाद्या मी शोधत गेलो. मुलुंडला एका सोसायटीच्या बागेत त्यांचे बाक केले आहेत. संध्याकाळी पोरं त्यावर बसून भेळ खातात. लोक वेडा म्हणाले तरी चालेल असं ठरवून मी प्रत्येक बाकाला जीभ लावली. एकानंही जीभ ओढली नाही, सगळे गोडे निघाले. म्हणजे ते कारण नव्हे.

आता तुमच्या कामाचं सांगतो. मला जेवणाची चव लागत नाही. शेडमधल्या त्या दिवसापासून नाही. मीठ, मिरची, गूळ, सगळं सारखंच. पण देवी आत गेली त्या सकाळी मी इथे, या टेबलाशी बसलो होतो आणि माझ्या तोंडात हळद आली. मग खोबरेल. मग मासळीचे हात, तंबाखू, कुणा पोराच्या बोटाला लागलेला पेरू. दुपारी देऊळ बंद झालं तेव्हा थांबलं. मला समजायला आठवडा लागला. उंबरठा ओलांडताना लोक वाकतात, हात लावतात आणि कपाळाला नेतात. देवळाचं दार उघडं असेपर्यंत माझ्या जिभेवर सगळं गाव येऊन जातं.

तुम्ही सोमवारी साडेअकराच्या सुमारास गेला होतात. नाही, तुम्ही मला दिवस सांगितला नव्हतात. आधी हाताला चोळायचं ते कडू जंतुनाशक आलं. मग पेन्सिलीचं शिसं. तुम्ही इतरांसारखा हात लावून उचलला नाहीत. कामाचं कौतुक वाटून तुम्ही अंगठा त्या जिभेवरून फिरवत राहिलात. आल्या आल्या तुम्ही दारात म्हणालात, तिथल्या कडेनं जरासं कापलं. तिथे कड नाही हो. ती जीभ मी केली आहे, तिला कुठे धार नाही. मी ती पुन्हा पुन्हा चाचपून गोल केली होती.

सोडू नका ती पट्टी. इथे नको. दुखत नाही ना? यज्ञेशलाही दुखत नव्हतं.

एक कबूल करतो आणि मग तुम्ही जा. इतकी वर्षं रक्ताची ती चव मला खारट लागायची, मी उठून चुळा भरायचो. सोमवारी मी बसून राहिलो. पहिल्यांदाच ती गोड लागली.

चहा घ्या, गार होतोय. मला नको. सोमवारपासून माझं तोंड भरलेलं आहे.